चलनात न आलेली सोन्याची नाणी: प्रयोग, पुनर्छपाई आणि संग्राहकांची ओढ

सुवर्णटंक (धागालेखक)

सोन्याच्या दुर्मीळ नाण्यांची चर्चा निघाली की बहुधा दोनच गोष्टी विचारल्या जातात: जगात अशी नाणी किती उरली आहेत आणि मागच्या लिलावात भाव काय आला. प्रायोगिक नाण्यांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न अपुरे पडतात असे माझे मत आहे. एखादा आराखडा, मिश्रधातू, आकार किंवा मूल्य चालेल की नाही हे पाहण्यासाठी टाकसाळीने मोजकी नाणी पाडली आणि ती पुढे चलनात आलीच नाहीत, किंवा आली तरी फार बदलून आली, की अशा नाण्यांना संग्राहक 'पॅटर्न' म्हणतात. त्यांची योग्यता जोखताना पहिला प्रश्न असा असावा, की हे नाणे कोणत्या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी पाडले गेले आणि ते उत्तर मिळाले का. संख्या आणि भाव त्यानंतर पाहावेत. या धाग्यात मुख्यतः अमेरिकी टाकसाळीच्या सुवर्णप्रयोगांविषयी लिहितो, कारण तेथे असे प्रयोग विपुल झाले आणि त्यांचे दस्तऐवजही बऱ्यापैकी टिकले.

सुरुवात 'स्टेला'पासून करणे भाग आहे. १८७९ आणि १८८० अशी दोन साले असलेले हे चार डॉलरचे नाणे ऑस्ट्रिया-हंगेरीतील अमेरिकेचे राजदूत जॉन कॅसन यांच्या सूचनेतून जन्माला आले. १८६५ मध्ये फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंड या देशांनी लॅटिन चलनसंघ स्थापन करून आपापली नाणी एका मापात आणली होती, आणि ऑस्ट्रियाही वीस फ्रँकच्या तोडीचे आठ फ्लोरिनचे सुवर्णनाणे पाडू लागला होता. युरोपभर फिरणाऱ्या अमेरिकी माणसाच्या खिशात या सर्वांशी जुळणारे एखादे नाणे असावे, असा कॅसन यांचा विचार होता. त्यानुसार जो आराखडा तयार झाला, त्याच्या दर्शनी बाजूवर स्वातंत्र्यदेवतेच्या मस्तकाभोवती, एरवी जेथे नुसते तारे असतात तेथे, ताऱ्यांच्या मधून मधून चक्क धातूचा हिशेबच कोरला गेला: सोने ६ ग्रॅम, चांदी ०.३, तांबे ०.७, एकूण ७ ग्रॅम. मागच्या बाजूला पाच टोकांचा मोठा तारा असून त्यावर 'एक स्टेला' आणि '४०० सेंट' अशी अक्षरे आहेत. नाणे स्वतःच्या घटकांचा दाखला स्वतःच्या अंगावर घेऊन फिरते, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते.

आता हा हिशेब तपासून पाहू. त्या काळचे पाच डॉलरचे नाणे ८.३५९ ग्रॅम वजनाचे आणि ९०० कसाचे (हजार भागांत ९०० भाग शुद्ध सोने) होते, म्हणजे त्यात शुद्ध सोने ७.५२ ग्रॅम होते. त्या प्रमाणात चार डॉलरला ६.०२ ग्रॅम सोने पडते, त्यामुळे स्टेलातील ६ ग्रॅम अमेरिकी बाजूने जवळजवळ बरोबर बसतात. युरोपीय बाजूला मात्र गणित फसते. वीस फ्रँकच्या नाण्याचे वजन ६.४५१६ ग्रॅम आणि कस ९००, म्हणून त्यात सोने ५.८१ ग्रॅम, आणि त्याची डॉलरमधील किंमत सुमारे ३ डॉलर ८६ सेंट. म्हणजे स्टेला देऊन वीस फ्रँकचा माल घेणारा माणूस प्रत्येक व्यवहारात शेकडा तीनहून अधिक सोने गमावणार होता. ज्या नाण्याचा उद्देशच विनासायास अदलाबदल हा होता, त्याला ही तफावत पेलणे शक्य नव्हते. आराखडा कितीही देखणा असला तरी प्रयोगाने दिलेले उत्तर नकारार्थी होते, आणि ते उत्तर नाण्यावर कोरलेल्या आकड्यांतूनच वाचता येते.

याच ध्यासाचे याहून टोकाचे रूप पाच वर्षे आधी येऊन गेले होते. १८७४ मध्ये डॅना बिकफर्ड यांच्या सूचनेवरून दहा डॉलरचा एक नमुना पाडण्यात आला. त्याच्या मागच्या बाजूवर डॉलर, स्टर्लिंग, मार्क, क्रोन, गुल्डन आणि फ्रँक अशा सहा चलनांतील नेमकी किंमत कोरली होती. सोन्याचा भाव कायद्याने बांधलेला असला तरी प्रत्येक देशाच्या टाकसाळीचे नियम कधीही बदलू शकतात, आणि असा एक बदल झाला की ठसा रद्दबातल ठरतो. प्रयोग फसला हे खरे, पण एकोणिसाव्या शतकातील जागतिक चलनाच्या स्वप्नाचा इतका नेमका पुरावा दुसऱ्या कोणत्याही कागदपत्रात सापडणार नाही.

सर्वच प्रयोग मोठ्या स्वप्नांचे नव्हते. १८४९ मध्ये चलनात आलेले एक डॉलरचे सुवर्णनाणे अवघे १३ मिलिमीटर व्यासाचे होते, आणि ते हातातून निसटते, हरवते अशी तक्रार होती. सोने न वाढवता नाणे मोठे करायचे कसे, या प्रश्नावर १८५२ मध्ये मध्यभागी भोक असलेले कड्यासारखे नमुने पाडण्यात आले. वजन तेच, व्यास मोठा. अखेरीस टाकसाळीने भोकाची कल्पना सोडून दिली आणि १८५४ पासून नाणे पातळ करून १५ मिलिमीटरचे केले. १८६० मधील पाच डॉलरच्या एका रुंद आणि पातळ नमुन्यामागे तर थेट चोरांचा बंदोबस्त होता. त्या काळी लबाड लोक सोन्याचे नाणे कडेकडून कापून आतून पोखरत आणि पोकळीत प्लॅटिनमसारखा जड पण तेव्हा स्वस्त असलेला धातू भरून ते पुन्हा बेमालूम जोडत. नाणे इतके पातळ असावे की पोखरायला जागाच उरू नये, असा डॉ. बार्क्ले यांचा प्रस्ताव होता. असे नमुने दिसायला साधे असतात, पण त्यांच्यामागची अडचण कळली की त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

शेवटी १८७७ चे 'हाफ युनियन', म्हणजे पन्नास डॉलरचे नाणे. कॅलिफोर्नियात सोन्याचा पूर आल्यानंतर मोठ्या व्यवहारांसाठी मोठ्या नाण्याची मागणी होती. तेथील सरकारी परीक्षक ऑगस्टस हम्बर्ट यांच्या नावाने १८५१ पासून पन्नास डॉलरची अष्टकोनी नाणी निघाली होती, आणि सिनेटर विल्यम ग्विन यांनी १८५४ मध्ये पन्नास व शंभर डॉलरच्या नाण्यांचा प्रस्ताव मांडला होता. फिलाडेल्फियात विल्यम बार्बर यांनी ठसे कोरले तेव्हा १८७७ साल उजाडले होते. मोठे मस्तक आणि लहान मस्तक असे दोन प्रकार झाले आणि सोन्यात प्रत्येकाचे एकच नाणे आज अस्तित्वात आहे. १९०९ मध्ये विल्यम वुडिन या संग्राहकाने ही दोन्ही नाणी प्रत्येकी दहा हजार डॉलर देऊन घेतली. नाण्यासाठी इतकी किंमत तेव्हा कोणी ऐकलीही नव्हती. टाकसाळीतील एकमेव नाणी बाहेर गेलीच कशी, असा गदारोळ उठला आणि वाटाघाटींनंतर वुडिन यांनी ती सरकारला परत केली. मोबदल्यात त्यांना टाकसाळीत साठलेल्या जुन्या नमुना-नाण्यांचा मोठा साठा मिळाला. आज खाजगी संग्रहांत फिरणारे कितीतरी पॅटर्न याच देवघेवीतून बाहेर आले आहेत. ती दोन सुवर्णनाणी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेत आहेत, कारण टाकसाळीचा संग्रह १९२३ मध्ये तेथे हलवण्यात आला.

हेच वुडिन मार्च १९३३ मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री झाले. ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी नागरिकांकडील सोने सरकारजमा करण्याचा आदेश काढला तेव्हा दुर्मीळ व असामान्य नाण्यांच्या संग्राहकांसाठी विशेष मूल्य असलेली सुवर्णनाणी त्यातून वगळण्यात आली. ही सवलत नसती तर आज या धाग्यात लिहिण्यासारखे फार थोडे उरले असते.

ठसेवाचक

लेख अभ्यासपूर्ण आहे, विशेषतः फ्रँक आणि डॉलरचा हिशेब प्रथमच इतका स्पष्ट मांडलेला वाचला. तथापि स्टेलाला आपण जो मान दिला आहे त्याबाबत माझा मतभेद आहे, आणि तो आपल्याच कसोटीवरून आहे.

१८७९ साली प्रत्यक्षात पाडली गेलेली स्टेला अगदी थोडी होती. पुढे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्यांकडून मागणी येऊ लागली, म्हणून १८८० मध्ये त्याच जुन्या सालाची आणखी काही शे नाणी पाडण्यात आली आणि मेट्रिक डॉलरच्या नमुन्यांसोबत संच करून ती त्यांना विकली गेली. स्वातंत्र्यदेवतेचे केस मोकळे दाखवलेल्या १८७९ च्या स्टेलाची एकूण संख्या आज सव्वाचारशेच्या आसपास मानली जाते. टाकसाळीला उत्तर मिळाल्यानंतर पाडलेल्या नाण्याला प्रयोग कसे म्हणायचे? ती स्मृतिचिन्हे होती. अनेक स्टेलांच्या काठावर कडी जोडल्याच्या आणि नंतर घासून काढल्याच्या खुणा दिसतात, म्हणजे घेणाऱ्यांनीही ती दागिना म्हणूनच वापरली.

दुसरी गोष्ट धातूची. आपण नाण्यावरील सहा ग्रॅम सोने आणि ०.३ ग्रॅम चांदीच्या हिशेबाचे कौतुक केले आहे, परंतु तपासण्यांमध्ये आढळले आहे ते नेहमीचे ९०० कसाचे सोने आणि तांबे. पाच डॉलरच्या नाण्यासाठी तयार केलेली पट्टी लाटून अधिक पातळ करण्यात आली आणि तिच्यातून चकत्या कापण्यात आल्या, असेच दिसते. ज्या मिश्रधातूची घोषणा नाण्यावर कोरली आहे तो मिश्रधातूच नाण्यात नसेल, तर प्रयोग नेमका कशाचा झाला?

सुवर्णटंक (धागालेखक)

आपले दोन्ही आक्षेप वजनदार आहेत आणि धातूविषयीची माहिती पूर्णपणे बरोबर आहे. पट्टी लाटताना पडलेल्या समांतर रेघा स्टेलाच्या मधल्या भागात, स्वातंत्र्यदेवतेच्या केसांवर आणि गालावर, साध्या भिंगानेही दिसतात. ठशाचा सर्वांत खोल भाग तेथेच असल्याने दाब पुरा पडला नाही आणि रेघा पुसल्या गेल्या नाहीत. नवख्या ग्राहकाला त्या घासल्याच्या खुणा वाटतात आणि तो नाणे नाकारतो. वस्तुतः त्या रेघा नाणे पाडण्याच्या आधीच्या आहेत आणि खरेपणाच्या बाजूनेच साक्ष देतात.

तरीही माझे मत कायम ठेवतो. मिश्रधातूचा प्रयोग झाला नाही हे मान्य, परंतु चार डॉलर या मूल्याचा आणि आराखड्याचा प्रयोग नक्कीच झाला, आणि त्याचा निर्णय टाकसाळीच्या हाती नव्हता. नवे मूल्य कायद्यानेच आणता येते, म्हणजे परीक्षक काँग्रेसचे सदस्यच होते. ज्यांनी मत द्यायचे त्यांच्या हातात नाणे पोहोचवणे हा चाचणीचाच भाग मानला पाहिजे, जरी त्या सदस्यांपैकी अनेकांचा हेतू शुद्ध संग्रहाचा असला तरी.

आपला आक्षेप खरा लागू पडतो तो दुसऱ्या प्रकाराला. चार्ल्स बार्बर यांच्या मोकळ्या केसांच्या मस्तकासोबत जॉर्ज मॉर्गन यांनी केसांचा अंबाडा घातलेले मस्तकही कोरले होते. या प्रकाराची नाणी काँग्रेसच्या संचांत गेलीच नाहीत, ती टाकसाळीतून गुपचूप मोजक्या हातांत पोहोचली. १८८० सालची तर दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकीच ज्ञात आहेत. माझ्या कसोटीने हा प्रकार कमी महत्त्वाचा ठरतो, कारण तो कोणी तपासायला घेतलाच नाही. बाजाराचा कौल मात्र नेमका उलट आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये १८८० च्या अंबाड्याच्या स्टेलाला लिलावात २५ लाख ७४ हजार डॉलर मिळाले. मॉर्गन यांचे काम अधिक रेखीव आहे हे मी मान्य करतो, आणि सौंदर्यासाठी कोणी किंमत मोजली तर त्यात गैर काही नाही. पण इतिहासाचा दस्तऐवज म्हणून निवड करायची झाल्यास मी मोकळ्या केसांचे नाणेच घेईन.

उठाव

या चर्चेत १९०७ चे वीस डॉलर अजून आले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण प्रयोग आणि कलाकृती यांचा संगम त्याच्याइतका कोठेही झालेला नाही. मला ठशांच्या कामाची आवड असल्याने थोडे तपशिलात लिहितो.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना प्राचीन ग्रीक नाण्यांचा ठसठशीत उठाव, म्हणजे पृष्ठभागावरून वर आलेले कोरीवकाम, आवडत असे आणि आपल्या देशाची नाणी तितकीच सुंदर व्हावीत असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी हे काम शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांच्याकडे सोपवले. सेंट-गॉडन्स तेव्हा आजारी होते, त्यामुळे प्रत्यक्ष प्रतिकृतींचे बरेचसे काम त्यांचे सहायक हेन्री हेरिंग यांनी पाहिले. टाकसाळीचे मुख्य ठसेकार चार्ल्स बार्बर यांचा या प्रकल्पाला उघड विरोध होता. बहुतेक ठिकाणी बार्बर यांना खलनायक म्हणून रंगवले जाते. मला ते अन्यायाचे वाटते, कारण त्यांचा तांत्रिक आक्षेप रास्त होता. चलनाचे नाणे यंत्राच्या एकाच दाबात पूर्ण उमटले पाहिजे, आणि त्याचा काठ हा त्याचा सर्वांत उंच भाग असला पाहिजे, नाहीतर बँकेत नाण्यांची चळत उभी राहत नाही.

फेब्रुवारी १९०७ मध्ये अतिउच्च उठावाचे पहिले नमुने पाडले गेले. त्यासाठी पदके पाडण्याचे द्रवदाबाचे यंत्र वापरावे लागले, दीडशे टनांहून अधिक दाब द्यावा लागला आणि एका नाण्याला नऊपर्यंत ठोके पडले. प्रत्येक ठोक्यानंतर सोने कडक होते, म्हणून नाणे बाहेर काढायचे, तापवून मऊ करायचे, सौम्य नायट्रिक आम्लात स्वच्छ करायचे आणि पुन्हा अचूक त्याच स्थितीत ठशांमध्ये बसवायचे. हे सारे एका नाण्यासाठी करायचे. परिणाम असा की नाण्यावर सपाट मैदान असे उरलेच नाही. नाण्यावरील स्वातंत्र्यदेवतेच्या पायांपासून काठापर्यंत पृष्ठभाग वाटीसारखा वर चढत जातो. देवतेचा पुढे टाकलेला गुडघा इतका वर येतो की वस्त्राच्या चुण्यांत खऱ्या सावल्या पडतात. अशी सुमारे वीस नाणी आज ज्ञात आहेत. साल रोमन अंकांत आहे आणि ब्रीदवाक्य कडेवर उठावाच्या अक्षरांत आहे, त्यासाठी पाडताना नाण्याचा काठ आवळून धरणारी तीन तुकड्यांची कडी वापरली गेली होती.

सेंट-गॉडन्स ३ ऑगस्ट १९०७ रोजी वारले. त्यांनी आपले नाणे चलनात आलेले पाहिले नाही. वर्षअखेरीस उठाव थोडा कमी करून बारा हजारांहून अधिक नाणी निघाली, पण त्यांनाही एकाहून अधिक ठोके लागत. अनेकांच्या काठावर धातूचा पातळ धारदार पापुद्रा उभा राहिला, कारण ठसा आणि कडी यांच्यामधील फटीत सोने दाबले गेले. अखेर बार्बर यांनी उठाव सपाट करून, रोमन अंक काढून, नाणे एका दाबात बसेल असे केले. तेच पुढे १९३३ पर्यंत चालले.

यातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग वेगळाच आहे. उठाव कमी करण्याऐवजी नाणेच आखूड आणि जाड करावे, म्हणजे वीस डॉलरचे वजन दहा डॉलरच्या २७ मिलिमीटर व्यासात बसवावे, असे नमुने याच वर्षी पाडले गेले. कायद्याची अडचण आल्याने ते वितळवले गेले आणि त्यांतील दोनच वाचले, जे स्मिथसोनियनमध्ये आहेत. एका शतकानंतर, २००९ मध्ये, अमेरिकी टाकसाळीने हीच कल्पना संगणकाच्या साहाय्याने पुन्हा साकारली: २७ मिलिमीटर व्यास, दुप्पट जाडी, ९९९.९ कसाचे एक औंस सोने. त्या वेळी अशी एक लाखाहून अधिक नाणी विकली गेली. एका अर्थाने १९०७ चा प्रश्न १०२ वर्षांनी सुटला.

सुवर्णटंक (धागालेखक)

उठाव यांचे मनःपूर्वक आभार. हा भाग मी मुद्दाम थोडक्यात उरकणार होतो आणि तो वगळला हे बरेच झाले. बार्बर यांच्याविषयीच्या आपल्या मताशी मी सहमत आहे. चलनाच्या नाण्याला कलाकृतीच्या मोजपट्टीने आणि कलाकृतीला चलनाच्या मोजपट्टीने मोजल्यामुळेच त्या वादाला व्यक्तिगत रंग चढला.

त्याच वर्षीच्या दहा डॉलरच्या नाण्याचाही उल्लेख करतो. पातळ धारेच्या काठाची सुमारे पाचशे नाणी पाडल्यावर काठ गोलसर करून साडेएकतीस हजार नाणी पाडण्यात आली, परंतु अंतिम आराखडा बदलल्याने त्यांतील सुमारे पन्नास वगळता सर्व वितळवण्यात आली. ही नाणी संख्येने चलनाच्या हेतूने पाडलेली आणि नशिबाने नमुना ठरलेली आहेत. त्यांना कोणत्या रकान्यात घालावे यावर संग्राहकांचे एकमत नाही, आणि माझ्या मते ते होण्याची गरजही नाही.

पानगळ

मी ब्रिटिश सुवर्णनाण्यांचा अभ्यास करते, म्हणून तिकडचे एक उदाहरण देते, जे धागालेखकांच्या कसोटीला थोडे आव्हान देणारे आहे.

आठवे एडवर्ड यांच्या १९३७ सालच्या सॉव्हरिनचे (एक पौंडाच्या सुवर्णनाण्याचे) नमुने तयार झाले तेव्हा एक पेच उद्भवला होता. दुसऱ्या चार्ल्सपासून प्रत्येक नव्या राजाचे तोंड नाण्यावर आधीच्या राजाच्या उलट दिशेला ठेवण्याची प्रथा होती. पाचव्या जॉर्जचे तोंड डावीकडे, म्हणून एडवर्ड यांचे उजवीकडे हवे होते. परंतु केसांचा भांग दिसावा म्हणून त्यांनी डावीकडेच तोंड ठेवण्याचा हट्ट धरला आणि हम्फ्री पॅजेट यांनी तसे मस्तक घडवले. ११ डिसेंबर १९३६ रोजी राजाने पदत्याग केला आणि चलनासाठी नाणी पाडली जाण्यापूर्वीच सारे थांबले. सहाव्या जॉर्जचे तोंड पुन्हा डावीकडेच ठेवण्यात आले, जणू एडवर्ड यांचे नाणे प्रथेप्रमाणे उजवीकडे तोंड करून येऊन गेले होते.

यांतील एक सॉव्हरिन २०२० मध्ये दहा लाख पौंडांना विकले गेले. पाच पौंडांच्या नमुन्याला २०२१ मध्ये अमेरिकेतील लिलावात वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. येथे कोणतीही तांत्रिक शंका नव्हती, मिश्रधातू जुना, व्यास जुना, मागची बाजूही जुनीच. प्रयोग म्हणून पाहिले तर हे नाणे जवळजवळ रिकामे आहे. तरीही ते पाहताना मन थबकते. आपल्या कसोटीत या नाण्याला जागा कोठे?

सुवर्णटंक (धागालेखक)

प्रश्न चांगला आहे. मी असे म्हणेन की या नाण्याने तपासलेली शंका धातूची नसून अधिकाराची होती: राजाच्या मर्जीपुढे टाकसाळीची अडीचशे वर्षांहून जुनी प्रथा टिकते का? उत्तर आले की राजा असेपर्यंत टिकत नाही आणि तो गेल्यावर टाकसाळ आपला क्रम मुकाट्याने पूर्ववत करते. सहाव्या जॉर्जच्या तोंडाची दिशा हा त्या उत्तराचा पुरावा आहे. परंतु आपण म्हणता तसे या नाण्याची ओढ मुख्यतः कथेची आहे, आणि कथेमुळे वाढलेला भाव टिकाऊ असतो हेही नोंदवायला हवे, कारण ती कथा नाणेशास्त्राबाहेरच्या लोकांनाही ठाऊक आहे. स्टेलाचे मेट्रिक गणित समजावून सांगावे लागते, पदत्याग समजावून सांगावा लागत नाही.

ओंजळ

धागा वाचून या विषयाची प्रथमच गोडी लागली. परंतु येथे उल्लेखलेली बहुतेक नाणी एकतर संग्रहालयात आहेत किंवा लाखो डॉलरची आहेत. सामान्य संग्राहकाने या क्षेत्रात पाऊल ठेवायचे तर कोठून सुरुवात करावी, आणि फसवणूक कशी टाळावी?

ठसेवाचक

मी सुचवेन की सोन्याचा हट्ट काही काळ बाजूला ठेवावा. सोन्याच्या नाण्यांसाठी कोरलेल्या ठशांनी तांबे, ॲल्युमिनियम, कधी सोन्याचा मुलामा दिलेले तांबे अशा धातूंतही नमुने पाडले जात. हाफ युनियन सोन्यात दोनच असली तरी तांब्यात त्याची काही नाणी खाजगी संग्रहांत आहेत. तीही महाग असतात, परंतु इतर अनेक आराखड्यांचे तांब्यातील नमुने तुलनेने आवाक्यात येतात, आणि ठशाचे काम पाहण्यासाठी ते सोन्याइतकेच उपयोगी असतात. येथे एक सावधगिरी हवी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाकसाळीतील अधिकाऱ्यांनी जुन्या ठशांनी नाणी पुन्हा पाडून ती ओळखीच्या विक्रेत्यांमार्फत विकण्याचा प्रकार सर्रास चालवला होता. १८८७ मध्ये संचालक जेम्स किम्बॉल यांनी नियम कडक केले, तेव्हा त्याला आळा बसला. म्हणून नाण्यावरचे साल हे नाणे पाडल्याचे साल असेलच असे नाही. विक्रेत्याला 'मूळ की पुनर्छपाई' हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

दुसरा मार्ग म्हणजे जी नाणी प्रयोग म्हणून फसली तरी चलनात निसटली, ती शोधणे. १८६१ मध्ये अँथनी पॅकेट यांनी वीस डॉलरच्या मागच्या बाजूची अक्षरे उंच करून काठ अरुंद केला. काठ झिजेल या भीतीने फिलाडेल्फियाने काम थांबवले आणि तेथली आज दोनच नाणी ज्ञात आहेत, पण थांबण्याचा निरोप सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचेपर्यंत तेथे १९,२५० नाणी पडून चलनात गेली होती. ती बहुधा झिजलेल्या अवस्थेतच मिळतात. माझ्या दृष्टीने ती झीज नाण्याला कमीपणा आणत नाही, कारण हा असा प्रयोग आहे जो लोकांनी खरोखर बाजारात वापरून पाहिला.

सुवर्णटंक (धागालेखक)

ठसेवाचक यांच्या सल्ल्यात भर म्हणून खरे-खोटे ओळखण्याविषयी थोडे लिहितो.

स्टेलाच्या नकला प्रचंड प्रमाणात विकल्या जातात. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार प्रतिकृतीवर तसा स्पष्ट शब्द उमटवणे बंधनकारक आहे, परंतु तो शब्द घासून काढलेली किंवा मुळातच न उमटवलेली नाणीही फिरतात. पहिली तपासणी वजनाची: सात ग्रॅमच्या आसपास वजन आणि २२ मिलिमीटर व्यास. मुलामा दिलेली प्रतिकृती योग्य व्यासाची असली तर वजनात हलकी पडते. दुसरी तपासणी घनतेची. नाणे हवेत आणि नंतर बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून तोलले की घनता काढता येते. ९०० कसाच्या सोने-तांब्याची घनता १७.२ च्या आसपास येते. नाण्यावर कोरलेल्या मेट्रिक मिश्रणाचे गणित केले तर ती १६.८ च्या जवळ यायला हवी. म्हणजे ठसेवाचक यांनी मांडलेला धातूचा मुद्दा नाण्याला ओरखडाही न काढता पडताळता येतो. मात्र इतक्या लहान नाण्यात फरक फार सूक्ष्म असतो, त्यामुळे तराजू मिलिग्रॅमपर्यंत अचूक हवा आणि नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे काढून टाकले पाहिजेत. दोऱ्याची गाठ काठाला घासू देऊ नये.

तिसरी गोष्ट म्हणजे काठ. कडी जोडून नंतर काढलेल्या नाण्यांत काठाचा एखादा भाग किंचित चपटा असतो आणि त्या जागची चमक बाजूच्या भागापेक्षा वेगळी दिसते. अशी नाणी खरी असूनही प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था त्यांना पूर्ण दर्जा देत नाहीत, आणि त्यामुळे ती बऱ्याच कमी भावात मिळतात. ज्याला नाणे विकण्यासाठी नव्हे तर अभ्यासण्यासाठी हवे आहे, त्याने या नाण्यांचा अवश्य विचार करावा.

खरेदीपूर्वी नाण्याचा 'जड' (Judd) क्रमांकही विचारून घ्यावा. हेविट जड यांनी अमेरिकी नमुना-नाण्यांना दिलेले हे क्रमांक आज सर्वत्र प्रमाण मानले जातात. सोन्यातील १८७९ च्या मोकळ्या केसांच्या स्टेलाचा क्रमांक १६३५ आहे आणि त्याच सालच्या अंबाड्याच्या प्रकाराचा १६३८. एकाच ठशाची तांब्यातील आणि ॲल्युमिनियममधील नाणी वेगळे क्रमांक बाळगतात. म्हणून विक्रेत्याने सांगितलेला क्रमांक आणि हातातील धातू जुळत नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.